दसऱ्याआधी धनुष्य नाही

पहिलं कंपाऊंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं, धनुष्य कोणतं घ्यावं, असं कॉलेजातली नवी मुलं हल्ली मला विचारतात. घरून थोडेच पैसे मिळालेले असतात, मोबाइलवर एक चित्र सापडलेलं असतं, त्यावर सवलत असते आणि ती लवकरच संपणार असते. मी उत्तर द्यायला लागते आणि दुसऱ्याच वाक्याला अडखळते. कारण हा प्रश्न मी ज्यांना विचारला होता, त्या आमच्या क्रीडाशिक्षक सरांनी मला त्याचं सरळ उत्तर कधीच दिलं नाही. मी जून महिन्यात विचारलं होतं. दसरा येईपर्यंत ते मलाच प्रश्न विचारत राहिले.

सरांबद्दल मला नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. त्यांच्यावर मी जेवढी चिडले, तेवढी घरच्या माणसांवरही कधी चिडले नाही. फोन उचलला की ते आधी ‘नाही’ म्हणायचे आणि मग ‘कोण?’ असं विचारायचे. त्यांच्याकडे एक काळी छत्री होती. ती ते उन्हात उघडत नसत आणि पावसातही फारशी उघडत नसत. तिच्या टोकाला लाल चिंधी बांधलेली असायची, वारा बघायला. मैदानाच्या मधोमध छत्री रोवून ते तिच्याकडे असे बघत बसायचे, की नव्या मुलांना वाटायचं, सर हिलाच शिकवतायत.

आणि डोळे. प्रत्येक माणसाचा एक डोळा नेम धरतो आणि दुसरा नुसता सोबत करतो, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. दोन्ही हातांची छोटी खिडकी करायची, त्यातून दूरच्या कडुलिंबाचा शेंडा बघायचा, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला शेंडा खिडकीतच दिसत राहतो, तो आपला डोळा. ही परीक्षा ते भेटेल त्याची घ्यायचे. चहावाल्याची घेतली, बँकेतून आलेल्या माणसाची घेतली, प्राचार्यांची तर भर सभेत घेतली. नंतर आम्हाला बाजूला घेऊन गंभीरपणे म्हणाले, “प्राचार्य डाव्या डोळ्याचे हायत. त्याईच्या उजव्या बाजूनं जाऊन काई मागू नका, दिसतच नाई त्याईले.”

मीही डाव्या डोळ्याची निघाले. मी लिहिते उजव्या हातानं, जेवते उजव्या हातानं. सर म्हणाले, धनुष्य मात्र डाव्या हातानं ओढायचं.

“पण सर, माझा डावा हात काहीच करत नाही.”

“म्हनूनच मोकळा हाय ना थो. डोया बदलत नाई, पोरी. हात शिकते.”

तर मी डाव्या हातानं शिकले. सुरुवातीला धनुष्य नव्हतंच. कडुलिंबाला सायकलची जुनी ट्यूब बांधलेली होती, ती ओढायची, हनुवटीपाशी आणायची, तिथे धरून ठेवायची, हळूच परत न्यायची. सोडायची नाही. रबर असलं तरी सोडायचं नाही. कोणी गंमत म्हणून सोडली, तर सर त्याला मैदानाबाहेर काढत. का सोडायची नाही, ते सांगत नसत. मी विचारलं, तर म्हणाले, “घाई असंन त गोफन घे. गोफनीले नेमबी लागत नाई अन् सरबी लागत नाई.”

हे वाक्य मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलं, की एकदा खरंच गोफण घेऊन मैदानावर यावं असं मनात आलं होतं.

मला घाई होती, हे खरं. आमचं गाव नांदगाव खंडेश्वर तालुक्यातलं. मी घरातली कॉलेजात गेलेली पहिली. त्या वर्षांत पेपर उघडला की पहिल्या पानावर आमच्याकडच्याच गावांची नावं असायची, आणि ती कशासाठी असायची हे सगळ्यांना माहीत होतं. बाबा पेपर मागच्या पानापासून वाचायचे. बोलायचे नाहीत, पण मला एकदा म्हणाले होते, “वावराच्या भरवशावर राहू नको बाई.” विद्यापीठाच्या संघात निवड झाली, तर त्याचं प्रमाणपत्र मिळतं आणि भरतीत खेळाडूंसाठी जागा असतात, एवढं मला कळलं होतं. निवड चाचणी दसऱ्यानंतर आठवड्यानं होती. कॉलेजची धनुष्यं सगळी उजव्या हाताची होती. मला स्वतःचं हवं होतं. मोठा भाऊ चाकणला कंपनीत होता, त्यानं पैसे पाठवले. ते पुरेसे आहेत की नाहीत, हे मला माहीत नव्हतं. पण भाऊ परत पाठवणार नाही, हे माहीत होतं.

मी मोबाइलवर शोधलं. एक धनुष्य सवलतीत होतं. छोटं, सुटसुटीत, जंगलातल्या पानांसारखं रंगवलेलं. खाली वेग लिहिलेला होता, आणि तो वाचून छाती दडपत होती. मी ते सरांना दाखवलं.

त्यांनी चष्मा वर केला. “हे कायचं हाय?”

“कंपाऊंड आहे, सर.”

“ते दिसते. चाकं हायेत, म्हंजे गिरनीच हाय.” कंपाऊंडला ते गिरणीच म्हणायचे. “पन हे जनावर मारासाठी हाय. झाडावर बसून, पानात लपून. तुले कोनाले मारायचं हाय?”

“कोणालाच नाही.”

“मंग लपून काहून राहिली? आखूड धनुष्य हातात नाचते. हात एवढासा हलला, की तिकडं बान गावाबाहेर. तुले एका जागी उभं राहून एकाच ठिप्क्याले मारायचं हाय. लांब घे. या चाकापासून त्या चाकापर्यंत लांब. वेगाचं काय लोनचं घालायचं हाय?”

माझ्या वर्गातल्या एका मुलानं तेच पानापानांचं धनुष्य घेतलं. ताकदीचं असावं म्हणून त्यात सगळ्यात जड ओढ निवडली. ते ओढताना त्याला कमरेत वाकून आकाशाकडे तोंड करावं लागायचं. सरांनी त्याला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, दोन्ही पाय जमिनीवरून उचलायला लावले आणि म्हणाले, “आता वढ.” धनुष्य ओढलं गेलं नाही, खुर्ची तेवढी मागे गेली. “बसल्या बसल्या जे वढता येते, ते आपलं वजन. बाकीचं शेजाऱ्याचं,” सर म्हणाले. तो मुलगा महिनाभरातच क्रिकेटला गेला.

खरं सांगायचं, तर पहिलं धनुष्य कसं असावं हे सगळं सरांनीच सांगितलं, फक्त एका वेळी एकच गोष्ट, आणि तीही मी रडकुंडीला आल्यावर. ओढीची लांबी पुढेमागे करता आली पाहिजे, कारण नव्या माणसाची उभं राहण्याची पद्धत बदलत जाते. वजन हलकं ठेवून नंतर वाढवता आलं पाहिजे. सगळे पैसे धनुष्यात घालायचे नाहीत. “नाई त बान कशाचे आनशीन? पऱ्हाटीचे?” बाण, नेम धरायची काच आणि दोरी सोडायचा चिमटा, ज्याला सगळे रिलीज म्हणतात, यांच्यासाठी आधी पैसे बाजूला काढायचे आणि उरलेल्यात धनुष्य बसवायचं. आणि ओढीची लांबी मोजून घ्यायची. माझी ते दर सोमवारी मोजायचे, सुतळीनं. मी एकोणीस वर्षांची होते. हात वाढायचं वय गेलेलं होतं. मी तसं म्हटलं, तर म्हणाले, “हात नाई वाढत. खांदा घाबरला असंन त आखडते. मागच्या सोमवारी तुहा आखडला होता.”

मागच्या रविवारी मी घरी जाऊन आले होते, आणि कपाशीवर लाल्या रोग पडल्याचं पाहून आले होते. पण हे मी त्यांना सांगितलं नाही.

एवढं सगळं झाल्यावर शेवटची अट यायची. “अन् दसऱ्याआधी घ्यायचं नाई.”

“सर, दसऱ्यानंतर आठ दिवसांत चाचणी आहे.”

“असंन.”

“मग सराव कधी करू?”

“टूब हाय ना.”

“पण दसऱ्याआधी का नाही?”

“घाई असंन त…” ते पुढे बोलायच्या आत मी तिथून निघून गेले.

डाव्या हाताचं, लांब, हलकं आणि माझ्या पैशांत बसणारं जुनं धनुष्य सगळ्या वऱ्हाडात एकच निघालं. ते अकोल्यात होतं. तिथल्या सायकल दुकानाच्या मालकांच्या, चाचांच्या, मुलीचं. ती डावखुरी होती, राज्यापर्यंत खेळली होती, लग्न होऊन बुऱ्हाणपूरला गेली होती. सर सप्टेंबरात कसेबसे तयार झाले, तेही ‘नुसतं पाहू’ म्हणून. मुलीसोबत एकटं जायचं नाही असा त्यांचा नियम होता, म्हणून आपल्या बायकोला, आमच्या काकूंनाही घेतलं. मूर्तिजापूरपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले होते. काकूंनी माझा चेहरा पाहिला असावा. त्या हळूच म्हणाल्या, “मनाले लावून घेऊ नको वं. याईले आज कोनता वार हाय विचारलं, त हे म्हनतात, कावून विचारून राहिली.”

चाचांचं दुकान जुन्या शहरात होतं. पुढे सायकली, मागे घर. त्यांनी माळ्यावरून पेटी काढली, पुसली, उघडली. आत धनुष्य होतं, निळं. मी आजवर वस्तूंच्या फार प्रेमात पडलेली नाही, पण त्या दिवशी पडले. मी ते डाव्या हातानं कसं ओढेन, हे मला डोळ्यांपुढे दिसायला लागलं.

सरांनी त्याला हातही लावला नाही. म्हणाले, “थोडा कापूस आना.”

“कापूस?” चाचा म्हणाले. “सर, अकोले में बैठ के कापूस मांगते? पुरा गोडाउन मंगवाऊं?”

“चिमूटभर पायजे.”

चाचांनी गादीच्या उसवलेल्या कोपऱ्यातून चिमूटभर काढून दिला. सरांनी तो धनुष्याच्या पात्यांवरून, म्हणजे वरच्या आणि खालच्या लवणाऱ्या पट्ट्यांवरून, हळूहळू फिरवायला सुरुवात केली. आजारी माणसाचं कपाळ पुसावं तसा. वरचं पातं झालं. खालच्या पात्यावर, चाकाच्या जरा वर, कापसाचा एक तंतू अडकला आणि तिथेच राहिला. सरांनी फुंकर मारली. तो हलला, पण सुटला नाही.

“तडा हाय,” सर म्हणाले.

चाचांचा चेहरा उतरला. “नामुमकिन. गिरा नहीं कभी. मेरी बेटीने पोरगं सांभाळावं तसं सांभाळलं त्याले. उसके बाद पेटीतच हाय.”

“दसऱ्याले कोठी होतं?”

“दसऱ्याले?” चाचांना राग आला. “सर, हमारे यहां दसऱ्याले धनुष का क्या काम?”

सर छत्रीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. मला जमीन दुभंगावी असं वाटत होतं. पण चाचाच मधेच थांबले. दारातून पलीकडच्या गल्लीकडे बघत राहिले आणि मग ओट्यावर बसले.

“बाजूचं मंडळ,” ते म्हणाले. “मिरवणूक होती. रामाच्या हातात पुठ्ठ्याचं धनुष्य बरं दिसत नाही म्हणे. पोट्टे मांगाले आले. चाचा, तुमच्या घरी सच्चा धनुष हाय. मैंने खुशी खुशी दिया, सर. मोहल्ल्याचं काम. मी सोता पाह्यलं, राम ट्रॅक्टरवर उभा होता, भल्ला छान दिसत होता.”

“अन् मंग त्यानं वढलं.”

“वढलं. पन बान नव्हता, सर. अल्ला कसम, किसी को लगा नहीं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.”

“बान नव्हता, म्हनूनच,” सर म्हणाले.

मग ते मला पहिल्यांदा समजलं. दोरी ओढली की सगळा जोर पात्यांत साठतो. सोडली की तो बाणात जातो आणि बाण तो घेऊन निघून जातो. बाणच नसेल, तर जोर जाणार कुठे? तो धनुष्यातच परत येतो आणि त्यालाच फोडतो. कधी तिथल्या तिथे, कधी महिन्यांनी, आपल्या गालापाशी. आमच्याकडे दसऱ्याला सगळं देवापुढे मांडतात. विळे, कुऱ्हाडी, पाने-पक्कड, मोटरसायकल. धनुष्य मांडलं, की आलेला प्रत्येक जण ते उचलतो, ओढून पाहतो आणि टाण्णकन सोडतो. कलिंगड घ्यायच्या आधी त्यावर टिचकी मारावी, तसं. सरांच्या मते वऱ्हाडात जेवढी धनुष्यं मैदानावर मोडली नसतील, तेवढी दसऱ्याला मोडली होती.

“हे आधी सांगायला काय झालं होतं?” मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

“तू इचारलं होतं, दसऱ्याआधी काहून नाई. हे थोडी इचारलं, का दसऱ्याले काय होते.”

काकूंनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

मी रिकाम्या हातानं परत आले. पण चाचांना ती गोष्ट लागली होती. आठवड्यानं त्यांचाच फोन आला. पाती बदलून मिळतात, त्यांनी मागवली होती, बेटीच्या नावाला बट्टा नको म्हणून. किंमत तीच राहील. सरांना हो म्हणावंच लागलं. धनुष्य आलं, आणि सरांनी अट घातली, की ते कॉलेजच्या कपाटात राहील. मी मान्य केलं. तीन आठवडे मी सकाळ-संध्याकाळ त्यानं सराव केला. बाण बरोबर सहाच घेता आले होते. चाचणीत एका फेरीत सहा बाण मारावे लागतात, एक कमी चालत नाही. सातव्याचे पैसे नव्हते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाबांचा फोन आला.

“धनुष्य घेऊन ये.”

“बाबा, ते कॉलेजात ठेवायचं आहे.”

“घरात एवढी वस्तू आली अन् देवापुढं ठेवाची नाई? तुह्या भावानं रात्रपाळ्या करून घेतलं. काय म्हनंन थो?”

मी सरांकडे गेले. मला वाटलं, आता चाचणीची नाही तर घरची, कुठली तरी एक गोष्ट जाणार. सरांनी काहीच प्रश्न विचारला नाही. कपाटाची किल्ली दिली. “ने,” म्हणाले. त्यांचा एका शब्दाचा होकार मी पहिल्यांदाच ऐकत होते आणि त्यानं मला बरं वाटायच्या ऐवजी भीतीच वाटली.

दसऱ्याला सकाळी आईनं पाटावर धनुष्य मांडलं. हळद-कुंकू चाकांत जाऊ नये म्हणून मी त्यांच्यावर रुमाल घातला होता, आई तो सारखा काढत होती. बाबा वावरात सोयाबीन झाकायला गेले होते. एवढ्यात नांदगावची बस गेल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळानं अंगणात छत्री दिसली.

सर आले. चहा घेतला नाही. पाटाशेजारी मांडी घालून बसले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाहीत.

सोनं द्यायला अख्खं गाव येत होतं. जो यायचा, तो आपट्याची पानं द्यायचा आणि लगेच धनुष्याकडे हात न्यायचा. सर छत्री आडवी करायचे.

“आधी हातायची खिडकी करा.”

“काय म्हनता?”

“खिडकी. त्यातून थो पिंपळ पाहा.”

माणूस गोंधळून खिडकी करायचा, पिंपळ बघायचा, डोळे मिटायचा, उघडायचा. सर त्याला त्याचा डोळा सांगायचे आणि मग त्या डोळ्याच्या माणसानं रस्त्याच्या कोणत्या बाजूनं चालावं, जोडीतला कोणता बैल कोणत्या अंगाला जुंपावा, असलं काहीतरी सांगत बसायचे. एवढ्यात पुढचा माणूस यायचा. पोलिसपाटलांना राग आला. “मास्तर, आमी धनुष्य पाहाले आलो का डोळे तपासाले?”

“दोन्ही एकच हाय, पाटील.”

आमच्या चुलत मामांनी सर पाणी प्यायला वळतील म्हणून बराच वेळ वाट पाहिली. सर पाणीही प्यायले नाहीत. लोक अंगणाबाहेर जाऊन हसत होते. मला कुठे तोंड लपवावं कळत नव्हतं. आई आतून विचारायची, “तुहे सर जेवतीन तरी का?” आणि मी सांगायचे, नाही जेवणार. मैत्रिणी आल्या, त्यांनाही खिडकी करावी लागली. मी मनातल्या मनात सरांशी इतकी भांडले, की माझा घसा दुखायला लागला.

चार वाजता बाबा आले. हातपाय धुतले, धुतलेला सदरा घातला, देवाला आणि धनुष्याला नमस्कार केला. सरांना सोनं दिलं. मग थोडा वेळ उभेच राहिले आणि म्हणाले, “एकदा वढून पाहू का?”

मी सरांकडे पाहिलं. छत्री आडवी झाली नाही.

सर उठले. पाय आखडले होते, भिंतीला धरून उठले. अंगणातल्या सगळ्यांना एका बाजूला केलं. गोठ्याच्या दगडी भिंतीला टेकवून पऱ्हाट्यांचा, कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, ढीग होता, त्याच्यापुढे कुटाराचं, म्हणजे भुशाचं, पोतं ठेवलं. बाबांच्या उजव्या हातात धनुष्य दिलं, डाव्या मनगटाला रिलीज बांधलं. मग माझ्या सहा बाणांतला एक बाण स्वतः दोरीवर चढवला.

“सर,” मी म्हटलं.

“थांब वं.”

बाबांनी धनुष्य ओढलं. डाव्या हातानं आयुष्यात काही न केलेला माणूस, पण सहज ओढलं. सरांनी त्यांचं कोपर छत्रीच्या दांड्यानं जरा वर केलं. “आता पोत्याकडं पाहा. हाताकडं नाई. अन् दाबा.”

बाण सुटला. पोत्याला लागला नाही. पऱ्हाट्यांतून पार गेला आणि मागे भिंतीवर टक्क असा आवाज आला.

सर हळूहळू चालत ढिगामागे गेले. बराच वेळ लागला. परत आले, तेव्हा छत्री काखेत होती.

“भिंतीपर्यंत गेला,” ते बाबांना म्हणाले. “ताकद हाय तुमच्यात.”

बाबा हसले. त्यांना असं हसताना मी त्या वर्षात पाहिलं नव्हतं. ते आपला डावा हात उलटासुलटा करून बघत होते.

सरांना बसपर्यंत सोडायला मी गेले. शिवेवरच्या चिंचेपाशी त्यांनी छत्रीत हात घालून बाणाचे दोन तुकडे काढले आणि माझ्या हातात दिले. “बाबाले दाखवजो नको.”

मग माझ्यानं राहवलं नाही. “सकाळपासून तुम्ही कोणालाच हात लावू दिला नाही. गावभर हसू झालं. आणि बाबांना दिलंत, बाण घालून दिलंत. आता पाच बाणांवर मी चाचणी कशी देऊ?”

“सहावा आनू.”

“पण तुम्ही त्यांना नाही का म्हटलं नाही?”

ते थांबले. रस्त्याकडे बघत होते, बस येते का म्हणून. “बाप हाय थो. गावाले नाई म्हनता येते. बापाले नाई म्हनलं, त थो मान डोलावते अन् मंग आपुन पानी आनाले आत गेलो, का वढते. बिनबानाचं. माह्या बुवानं तसंच वढलं होतं. पाव्हने बसले होते, त्याईले दाखवाचं होतं, माह्या पोट्ट्याचं धनुष्य पाहा म्हनून.”

“तुटलं?”

“दुसऱ्या दिशी, मैदानावर. नागपूरची निवड होती.” त्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. “बुवाले सांगतलं, जुनं होतं म्हनून तुटलं. त्याले शेवटवरी तेच माहीत.”

बस आली. चढताना ते नेहमीसारखंच तुसडेपणानं म्हणाले, “सोमवारी लवकर ये. आज दिवसभर तुहा खांदा कानाले लागला होता.”

सहावा बाण अकोल्याहून आला. चाचांनी मुलीच्या जुन्या बाणांतला एक प्लॅस्टिकच्या पाइपात घालून कंडक्टरकडे दिला होता. त्याची पिसं हिरवी होती आणि तो माझ्या बाणांपेक्षा किंचित जड होता. चाचणीत प्रत्येक फेरीला पाच बाण पिवळ्यात आणि हिरव्या पिसाचा बाण खाली लाल पट्ट्यात. मी त्याच्यासाठी वर नेम धरून पाहिला, तर एकदा फारच वर गेला. सर कुंपणाबाहेर उभे होते. माझ्याकडे बघत नव्हते. संघात मुलींच्या चार जागा होत्या. मी चौथी आले. त्या एका बाणाचे गेलेले गुण मी नंतर मोजले आणि दोन दिवस सरांशी बोलले नाही. त्यांना ते कळलं की नाही, कोण जाणे.

घरी गेले, तेव्हा बाबा ओट्यावर शेजाऱ्याला काहीतरी सांगत होते. त्यांचा उजवा हात समोर ताठ होता आणि डावा हनुवटीपाशी. मला पाहून त्यांनी हात खाली घेतले.

“झाली का निवड?”

“झाली, बाबा.”

त्यांनी मान डोलावली. शेजारी उठून गेल्यावर हळूच विचारलं, “थो माहा बान होता ना. थो कामी आला का?”

मला सरांचा फार राग आला. तो सगळा गिळून मी म्हटलं, “सगळ्यात चांगला तोच गेला.”

“मले वाटलंच,” बाबा म्हणाले, आणि बैलांना पाणी दाखवायला गोठ्याकडे गेले.